लोअर केलेल्या स्पोर्ट्स कारसाठी फ्लोअर जॅक कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी लोअर केली, म्हणजे तिची उंची कमी करून जमिनीजवळ आणली, की गतिरोधकांची काळजी सगळेच करतात. जॅकची आठवण मात्र पहिल्यांदा चाक काढायची वेळ येते तेव्हा होते, आणि तेव्हा कळते की इतकी वर्षे वापरलेला जॅक बंपरखाली शिरतच नाही. ज्यांना अजून जॅक घ्यायचा आहे आणि ज्यांनी घेतला पण जमला नाही, अशा दोघांसाठी ही उत्तरे आहेत.

नेहमीचा ट्रॉली जॅक का चालत नाही?

नेहमीच्या ट्रॉली जॅकची (यालाच फ्लोअर जॅक म्हणतात) वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा वरचा गोल भाग, पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून साधारण १३० ते १४५ मिमी वर असते. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांना तेवढे पुरते. स्प्रिंग बदलून गाडी ३०-४० मिमी खाली घेतली आणि पुढे स्प्लिटर, म्हणजे बंपरखाली पुढे आलेली आडवी पट्टी, लावला, की बंपरची खालची कड सहज ९० ते ११० मिमीवर येते. अशा गाड्यांसाठी लो-प्रोफाइल जॅक मिळतात. त्यांची किमान उंची साधारण ७५ ते १०० मिमी असते.

जॅक घेण्याआधी गाडीची कोणती मापे घ्यावीत?

चार मापे घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. पहिले, बंपरच्या किंवा स्प्लिटरच्या सर्वांत खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची. दुसरे, जिथे जॅक लावायचा त्या जागेची उंची. तिसरे, बंपरच्या कडेपासून त्या जागेपर्यंतचे आडवे अंतर. चौथे माप बहुतेक जण विसरतात: त्या वाटेवर मध्येच काही खाली लोंबते का? खालचे प्लास्टिकचे आवरण, एक्झॉस्टचा पाइप, अँटीरोल बारचा क्लॅम्प यांपैकी काहीही जॅकच्या आड येऊ शकते.

मापे घेताना गाडी सपाट जागी आणि टायरमध्ये नेहमीची हवा भरलेली असावी. टाकी भरलेली असेल तर आणखी चांगले, कारण तेव्हा गाडी थोडी जास्त बसलेली असते. शक्य असल्यास, जिथे रोज काम करणार त्याच जागी मापे घ्या. जमीन किंचित उंचसखल असली तरी पुढच्या बाजूला १०-१५ मिमीचा फरक पडतो, आणि या गाड्यांमध्ये तेवढ्यानेही जॅक अडतो.

बाजूने, म्हणजे दाराखालच्या पट्टीला जॅक लावणार असाल, तर तीच मापे साइड स्कर्टपासून, म्हणजे दाराखाली लावलेल्या शोभेच्या आवरणापासून, घ्या. बाहेरून बसवलेला स्कर्ट मूळ जॅकच्या जागेपेक्षा खाली आणि बाहेर आलेला असतो. अशा वेळी जॅकची वाटी जागेला टेकण्याआधी जॅकचा हात स्कर्टला लागतो आणि फायबर तडकते.

खोक्यावर ८५ मिमी लिहिले होते, तरी जॅक गाडीखाली जात नाही. असे का?

सर्वांत जास्त निराशा याच प्रश्नापायी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खोक्यावरचा आकडा वाटीच्या उंचीचा असतो. जॅकचा बाकीचा सांगाडा तेवढाच बुटका असेल असे नाही. वाटीच्या मागे काही अंतरावर बाजूच्या पत्र्यांना उंचवटा येतो, त्यामागे पंप आणि हँडलचे खोबण येते. हे भाग वाटीपेक्षा बरेच वर असतात. जॅक गाडीखाली सरकवताना वाटी आत जाते आणि हा उंचवटा बंपरला अडतो.

एक उदाहरण घेऊ. बंपरची कड ९५ मिमीवर आहे आणि पुढचा क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीखालची मजबूत आडवी तुळई, बंपरपासून ७५० मिमी आत आहे. जॅकची वाटी ८५ मिमी उंच आहे, पण वाटीपासून ४०० मिमी मागे सांगाडा १६० मिमीपर्यंत चढतो. म्हणजे वाटी ४०० मिमी आत गेली की जॅक थांबला. क्रॉसमेंबर अजून ३५० मिमी लांब आहे. आकडा खरा होता, तरी या गाडीच्या पुढच्या बाजूला हा जॅक निरुपयोगी ठरला. हाच जॅक बाजूने लावायला कदाचित छान चालेल, कारण तिथे जॅकची जागा कडेपासून थोडीच आत असते.

म्हणून विकत घेताना दोन गोष्टी पाहा: किमान उंची, आणि वाटीच्या केंद्रापासून किती लांबीपर्यंत सांगाडा बंपरच्या कडेपेक्षा खाली राहतो. दुसरा आकडा माहितीपत्रकात क्वचितच असतो. दुकानात टेप घेऊन जा आणि जॅक जमिनीवर ठेवून स्वतः मोजा. ऑनलाइन घेणार असाल तर बाजूने काढलेला फोटो मागवा. लांब सांगाड्याचे, 'लाँग रीच' म्हणून विकले जाणारे जॅक याच अडचणीसाठी बनवलेले असतात.

हँडलचाही विचार करा. जॅक आत गेला की हँडल बंपरखालून तिरपे बाहेर येते, आणि वर उचलताना बंपरला लागते. मग पूर्ण झटका मारता येत नाही, छोटे छोटे झटके मारत बसावे लागते. लांब सांगाड्यात हँडलचे खोबण बंपरच्या बाहेर राहते आणि हा त्रास जवळपास संपतो. हँडलला फोमचे वेष्टन असेल तर रंगाला ओरखडे येत नाहीत. नसेल तर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळा.

माझी गाडी १४०० किलोची आहे. किती टनांचा जॅक घ्यावा?

एका वेळी तुम्ही पूर्ण गाडी उचलत नाही. १४०० किलोपैकी ५५ टक्के वजन पुढे असेल तर पुढची दोन्ही चाके उचलताना जॅकवर साधारण ७७० किलो येतात. इंजिन मागे असलेल्या गाडीत मागची बाजू जड असते, पण तिथेही आकडा टनाच्या आतबाहेरच राहतो. भाराच्या हिशोबाने दीड टनाचा जॅक पुरतो.

तरीही माझा कल अडीच किंवा तीन टनांच्या जॅककडे आहे, आणि कारण वजनाचे नाही. मोठ्या क्षमतेच्या जॅकचा सांगाडा लांब, चाकांमधले अंतर जास्त, वाटी मोठी आणि उचल उंच असते. दीड टनाचे छोटे जॅक हलके आणि सोयीचे असतात, पण आखूडही असतात, आणि लोअर गाडीच्या पुढच्या बाजूला आखूडपणाच नडतो. फक्त बाजूने एकेक चाक उचलायचे असेल, तर दीड टनाचा घ्यायला हरकत नाही.

जॅकने किती उंच उचलायला हवे?

इथे थोडे गणित करावे लागते.

चाक बदलण्यापुरते उचलायचे असेल तर फार उंची लागत नाही. लोअर केलेल्या गाडीत स्प्रिंग आखूड असल्याने चाक लवकर जमीन सोडते, ही त्यातली चांगली बाजू. पण गाडी जॅक स्टँडवर, म्हणजे घोड्यांवर ठेवायची असेल तर हिशोब बदलतो.

समजा, घोडीची सर्वांत कमी उंची २८० मिमी आहे आणि गाडीची बाजूची पट्टी १२० मिमीवर आहे. घोडी आत सरकवायला २० मिमी मोकळे हवेत. म्हणजे पट्टी १८० मिमी वर जायला हवी. तुम्ही उचलता पुढच्या अक्षाजवळ, आणि गाडी मागच्या चाकांवर कलते. दोन अक्षांमधले अंतर २५०० मिमी आणि घोडीची जागा पुढच्या अक्षापासून ५०० मिमी मागे असेल, तर ती जागा पुढच्या अक्षाच्या ८० टक्केच वर जाते. १८० मिमी मिळवायला पुढची बाजू २२५ मिमी उचलावी लागते. क्रॉसमेंबर मुळात १४० मिमीवर असेल तर वाटी ३६५ मिमीपर्यंत पोहोचायला हवी.

३५० मिमीवर थांबणारा जॅक इथे १५ मिमीने कमी पडतो. मग लोक वाटीवर लाकडाचा तुकडा ठेवतात, त्यावर आणखी एक ठेवतात. तसे करू नका. उंच रचलेले सुटे ठोकळे भार तिरपा झाला की निसटतात. ४५० ते ५०० मिमी उचलणारे लो-प्रोफाइल जॅक मिळतात, तेच घ्या. किंवा कमी उंचीच्या घोड्या घ्या. जॅक आणि घोड्या जोडीनेच निवडायच्या असतात.

पुढची बाजू घोड्यांवर ठेवली, आता मागे जॅक शिरत नाही. काय करावे?

वरच्याच उदाहरणात पुढची बाजू २२५ मिमी वर गेली, तेव्हा मागच्या अक्षापासून ९०० मिमी मागे असलेली बंपरची कड साधारण ८१ मिमी खाली आली. मागे १३० मिमी जागा होती, ती ४९ उरली. एवढ्या फटीत बाजारातला कोणताही नेहमीचा लो-प्रोफाइल जॅक जात नाही.

यावर दोन उपाय. पुढची बाजू उचलण्याआधीच मागची चाके ५० मिमी जाडीच्या फळ्यांवर चढवून ठेवा. किंवा टप्प्याटप्प्याने उचला: पुढची बाजू घोडीच्या सर्वांत खालच्या खाचेवर, मग मागची, मग पुन्हा पुढची थोडी वर. प्रत्येक टप्प्यानंतर चारही घोड्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकले आहेत का ते पाहा. दुसरी बाजू उचलताना गाडीचा कल बदलतो आणि आधीच्या घोड्या एका पायावर येऊ शकतात.

फळ्यांवर गाडी चढवणे सुरक्षित आहे का?

आहे, आणि लोअर गाडीसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जॅक १०-२० मिमीने अडत असेल तर नवा जॅक घेण्याआधी हेच करून पाहा. फळी टायरपेक्षा रुंद आणि एकसंध लाकडाची हवी, तडे नकोत. तिची जाडी बंपरच्या कडेच्या उंचीपेक्षा बरीच कमी असली की बंपर तिला लागण्याचा प्रश्नच येत नाही. पुढची कड तिरपी कापली तर टायर सहज चढतो आणि फळी मागे फेकली जात नाही. एक जण बाहेर उभा राहून सांगत असेल तर उत्तम. तो बाजूला उभा राहील, गाडीसमोर नाही.

तयार रॅम्प घ्यायचे तर कमी चढाचे, लांब रॅम्प घ्या. नेहमीच्या रॅम्पचा चढ उभा असतो, आणि टायर पोहोचण्याआधी बंपर रॅम्पवर आदळतो.

ॲल्युमिनियमचा घ्यावा की लोखंडी?

जॅक कुठे राहणार त्यावर ठरवा. तीन टनांचा लोखंडी लो-प्रोफाइल जॅक साधारण ३५ ते ४५ किलोंचा असतो. तो एका जागी राहणार असेल, तर वजन त्रासाचे नाही, उलट जॅक स्थिर वाटतो. त्याच क्षमतेचा ॲल्युमिनियमचा बराच हलका असतो, आणि दीड टनाचा रेसिंग जॅक तर १२-१५ किलोंमध्ये येतो. ट्रॅकवर गाडीबरोबर जॅक न्यायचा असेल किंवा जिन्याने खाली-वर करायचा असेल तर ॲल्युमिनियमच घ्या. त्यातही उचलणारा हात, पिन आणि पंपाचा दांडा हे भाग बहुधा पोलादीच असतात.

दोन पिस्टनच्या पंपाचा खरेच उपयोग होतो का?

होतो. भार नसताना वाटी पाच-सहा झटक्यांत गाडीला टेकते. बंपरमुळे झटके आखूड मारावे लागतात अशा गाडीत हा फरक रोज जाणवतो.

जॅक नक्की कुठे लावायचा?

गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. स्पोर्ट्स कारमध्ये या जागा एकसारख्या नसतात. मझदा एमएक्स-५ ला पुढे मधल्या क्रॉसमेंबरवर आणि मागे डिफरन्शियलखाली (दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) जॅक लावतात. शेवरोले कॉर्व्हेटच्या सी५ पासून सी७ पर्यंतच्या पिढ्यांत चौकटीच्या पट्टीला लांबट भोके आहेत. त्यांत खास गुटका अडकवून त्याखाली जॅक लावतात. हा गुटका नसेल तर आजूबाजूचे फायबरचे भाग चिरडण्याची भीती असते. एका मॉडेलचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. सगळ्या गाड्यांचे डिफरन्शियल भार घ्यायला बनवलेले नसते, आणि इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली तर जॅक कधीच लावायचा नाही.

दाराखाली वेल्डिंगची उभी पातळ पट्टी असेल तर जॅकची जागा दाखवणाऱ्या दोन खाचा तिच्यात असतात. त्यांच्यामध्ये लावा. उघडी लोखंडी वाटी लावली तर पट्टी दुमडते, रंग निघतो आणि तिथून गंज चढतो. मधोमध खाच असलेली रबरी चकती वापरा. पट्टी खाचेत बसते आणि भार बाजूच्या सपाट पत्र्यावर जातो.

एक हिशोब विसरू नका: २५ मिमी जाडीची चकती वाटीवर ठेवली की ७५ मिमीचा जॅक १०० मिमीचा झाला. चकती वाटीत खोल बसणारी असेल, किंवा वाटी काढून तिच्या जागी बसवता येत असेल, तर ही उंची वाचते.

जॅक आणि घोडी दोन्ही एकाच जागी कशी लावणार?

अनेक स्पोर्ट्स कारना बाजूला मोजून चारच जागा असतात. जॅक तिथे लावला की घोडीला जागा उरत नाही. पुस्तिका परवानगी देत असेल तर मधल्या क्रॉसमेंबरने उचलून बाजूच्या जागी घोड्या लावणे सर्वांत सोपे. लांब सांगाड्याचा जॅक घेण्याचे हे दुसरे कारण. मधली जागा नसेल, तर जॅकच्या वाटीतच बसून नंतर पाय जोडता येणाऱ्या घोड्या मिळतात. जॅकवर बसणारी आडवी तुळईही मिळते, पण ती उंची खाते. ताठ चॅसिसच्या गाडीत एका बाजूने उचलले की त्या बाजूची पुढची-मागची दोन्ही चाके एकदम उचलली जातात, हे माहीत नसेल तर पहिल्यांदा घाबरायला होते.

उचलताना जॅक स्वतःच सरकतो. बिघडला आहे का?

नाही, तो सरकायलाच हवा. जॅकचा हात एका टोकाला जखडलेला असतो, त्यामुळे वाटी सरळ वर न जाता कमानीत फिरते. गाडी जागची हलू शकत नाही, म्हणून जॅक चाकांवर पुढे सरकतो आणि कमान जुळवून घेतो. चाके खड्यात, फरशीच्या फटीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुतली तर जॅक सरकत नाही. मग वाटी जागेवरून घसरते किंवा गाडी ओढली जाते. एकदा माझ्या जॅकचे चाक दोन फरशांमध्ये अडकले आणि गाडी बोटभर पुढे आली. काही लागले नाही, पण त्या दिवसापासून मी आधी जमीन झाडतो. खडबडीत जागी जाड प्लायवुड किंवा पोलादी पत्रा अंथरा. त्याची जाडी जॅकच्या उंचीत मिळवायची, हेही लक्षात असू द्या. बुटक्या जॅकची चाके लहान असतात, त्यामुळे ती लवकर अडकतात.

चाकांना अडसर लावायचा तो जमिनीवर राहणाऱ्या चाकांना. हातब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की तो काहीच धरत नाही, तेव्हा पुढच्या चाकांचे ठोकळे हाच आधार. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा.

दोन मिनिटांचे काम आहे, नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली जाऊ का?

नको. कृपया नको.

जॅकमध्ये गाडीचे सगळे वजन बंदिस्त तेलावर आणि काही रबरी सीलवर तोललेले असते. सील फाटले, व्हॉल्व्हखाली कचरा अडकला किंवा हँडलला कुणाचा धक्का लागला, की गाडी खाली येते. आणि लोअर गाडीखाली माणसाला वाचायला जागाच नसते. जॅक उचलण्यासाठी, घोड्या धरून ठेवण्यासाठी. घोड्यांवर गाडी उतरवल्यावर ती हाताने जोरात हलवून पाहा. हलणार असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. काढलेले चाक पट्टीखाली सरकवून ठेवा.

घोडीवर लिहिलेली क्षमता एकीची आहे की जोडीची, ते लेबलवर वाचा. खाचांच्या घोडीला आडवी सुरक्षा पिनही असलेली बरी. २०२० मध्ये अमेरिकेत घोड्यांचे लाखो नग परत मागवावे लागले, कारण त्यांचा खटका दात्यांत नीट न अडकता सुटू शकत होता. असा खटका सुटला तरी आरपार पिन गाडीला धरते.

चांगला जॅक ओळखायचा कसा?

लेबलवर युरोपातले ईएन १४९४ किंवा अमेरिकेतले एएसएमई पीएएसई हे मानक आहे का ते पाहा. जादा भार आला तर उचल थांबवणारा व्हॉल्व्ह आतमध्ये आहे का, विचारा. मग हाताने तपासा: हँडल हळूहळू फिरवल्यावर जॅक हळूहळू उतरतो का? स्वस्त जॅकमध्ये व्हॉल्व्ह अर्ध्या इंचाच्या फिरवण्यात एकदम उघडतो. गाडी धप्पकन खाली येते आणि स्प्लिटर जमिनीवर आपटतो. आमच्यासारख्यांच्या गाड्यांना हे परवडणारे नाही. सीलचा संच सुटा मिळतो का, हेही विचारून ठेवा.

नवा जॅक पूर्ण उंची गाठत नाही किंवा हळूहळू खाली बसतो. काय करू?

बहुतेक वेळा वाहतुकीत तेलात हवा शिरलेली असते. भार नसताना रिलीज व्हॉल्व्ह, म्हणजे जॅक उतरवणारा व्हॉल्व्ह, उघडा, हँडल दहा-पंधरा वेळा पूर्ण मारा, व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उचलून पाहा. गरज पडली तर हेच पुन्हा एकदा करा. तेलाची पातळी हात पूर्ण खाली असतानाच तपासायची. तेल जॅकचे हायड्रॉलिक तेलच घाला, ब्रेक ऑइल अजिबात नको: ते सहसा ग्लायकॉलचे असते आणि जॅकची रबरी सील फुगवून खराब करते. एवढे करूनही भाराखाली जॅक बसत असेल तर सील बदला, तोवर त्याच्यावर गाडी घेऊ नका. ठेवताना जॅक पूर्ण उतरवून ठेवा, म्हणजे पिस्टनचा दांडा आत राहतो आणि गंजत नाही.

गाडीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) आहे. काही वेगळे करावे लागते का?

अनेक गाड्यांत जॅकसाठी किंवा सर्व्हिससाठी वेगळा मोड असतो. आधी गाडी सर्वांत वरच्या पातळीवर घ्या, मग तो मोड लावा आणि मगच जॅक लावा. मोड न लावता उचलली तर गाडी स्वतःहून पातळी जुळवू पाहते.

टायर पंक्चर झाला तर माझा लो-प्रोफाइल जॅक पुरेल?

खरेदीच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारत नाही. २२५/४० मापाच्या टायरची बाजूची भिंत ९० मिमी असते. हवा गेली की रिम तिच्यावर बसते, गाडीचा तो कोपरा आणखी खाली जातो आणि भरल्या टायरवर घेतलेले माप उपयोगाचे राहत नाही. मोजूनमापून घेतलेला जॅक त्या कोपऱ्यात अडतो. म्हणून डिकीत कडा तासलेली एक छोटी फळी ठेवा. पंक्चर झालेले चाक अगदी सावकाश तिच्यावर चढवले की जॅकपुरती जागा मिळते. फळी कोरडी ठेवा आणि टायरच्या रुंदीपेक्षा दोन बोटे रुंद घ्या.